माती का भाजता, काका?



पाडवा झाला की आमच्याकडं राबाची लगबग सुरू होते. खाली शेण-गोवर, त्यावर टहाळ, मग पातेरा, पेंढा आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर. काडी लावायची ती वाऱ्याच्या उलट्या अंगानं, म्हणजे आग धावत नाही, रांगत जाते. मुळशी-मावळच्या माणसाला हे सांगायला नको. देशावरच्या आणि विदर्भातल्या मंडळींसाठी सांगितलं. भाताचं रोप टाकायची जागा पावसाआधी भाजून घ्यायची, त्याला राब म्हणतात.

आज राबाच्या निमित्तानं जरा भांडायचं आहे. कुणाशी ते पुढं येईल. त्यात आपल्यातलेही आहेत, आणि तीन वर्षांपूर्वीचा मीही आहे.

आमचं भूगाव आता पूर्वीचं राहिलं नाही. चांदणी चौक सोडून पौड रस्त्याला लागलं की बावधन कधी संपलं आणि भूगाव कधी लागलं ते नव्या माणसाला कळत नाही. मानस तलावाच्या अंगाला अजून थोडी खाचरं आहेत, बाकी इमारती. माझ्या राबाच्या वाफ्यापासून एका सोसायटीची भिंत हाकेच्या अंतरावर आहे. तीन उन्हाळ्यांमागं मी राब पेटवला आणि अर्ध्या तासात चारपाच माणसं बांधावर आली. धूर घरात येतोय, म्हातारी माणसं खोकतायत, हे बंद करा. मी पण तापलो. म्हणालो, तुमच्या इमारती येण्याआधीपासून आम्ही हे करतोय, बापजाद्यांपासून चालत आलंय. ते म्हणाले प्रदूषण, मी म्हणालो परंपरा. दोघंही ओरडून दमलो आणि घरी गेलो.

त्यांच्यातला सहावीतला एक पोरगा मागं थांबला होता. त्यानं विचारलं, "काका, पण माती का भाजता? माती भाजल्यावर काय होतं?"

मी म्हणालो, "रोप चांगलं येतं."

"का येतं?"

"असंच असतं बाळा."

पोरगा गेला. पण मला रात्री झोप लागेना. चाळीस वर्षं राब भाजतोय आणि एका सहावीतल्या पोराच्या दुसऱ्या 'का'पाशी माझी गाडी अडकली. ज्या गोष्टीसाठी मी दुपारी चार माणसांशी भांडलो, ती का करतो हे मला सांगता आलं नाही. मग ते भांडण कशावरचं होतं?

तर माझं म्हणणं सरळ आहे. 'असंच असतं' हे उत्तर नव्हे. आणि हे उत्तर ऐकून घ्यायची आणि द्यायची जी सवय आपल्याला लागली आहे, ती आपल्याला दर हंगामात पैशात पडते.

आता बघा, राबाबद्दल हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता असं नाही. इंग्रजांच्या काळात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत जंगलखात्याचे निर्बंध आले आणि राबासाठी टहाळ तोडण्यावरून मोठा असंतोष झाला. १८८५ मध्ये सरकारला त्यासाठी मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. जंगलखात्यातले साहेब म्हणायचे, हा रयतेचा अडाणीपणा आहे, जंगलाची नासाडी आहे. रयत म्हणायची, राबाशिवाय रोप येत नाही. म्हणजे माझ्या बांधावरचंच भांडण, फक्त सव्वाशेहून जास्त वर्षं जुनं.

पण त्या वेळी मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे प्रमुख ओझन यांनी एक शहाणपणाचं काम केलं. त्यांनी राब केलेले आणि न केलेले वाफे घालून पाहिले. पुढं व्होल्कर नावाचे रसायनतज्ज्ञ देशभर फिरले, १८९३ मध्ये त्यांचा अहवाल छापून आला. त्यात राबाचा आणि या प्रयोगांचा विचार आहे, आणि रयतेची ही पद्धत अडाणीपणा म्हणून निकालात काढता येत नाही हे त्यांनी मांडलं. मग पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या दोन मराठी सहकाऱ्यांबरोबर राबाचा नीट अभ्यास केला. तो १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हेच ते मान साहेब, ज्यांनी नंतर पिंपळे सौदागर गावातल्या जमिनीच्या तुकड्यांचा आणि कर्जाचा घरोघर अभ्यास केला. आज तिथं टॉवर उभे आहेत.

या अभ्यासाचं सार असं, की राख हे सगळं उत्तर नाही. मातीला बसलेली आच हा त्यातला मोठा भाग आहे. भाजलेल्या मातीतून पिकाला घेता येईल असं अन्न जास्त सुटतं आणि मातीचा पोतही बदलतो.

आता हे माझ्या भाषेत सांगतो. मातीत कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात, त्यांच्या अंगात नत्र असतो. आच लागली की त्यातले बरेचसे मरतात. पाऊस पडला की जे वाचले ते या मेलेल्यांवर ताव मारतात, वाढतात, आणि तो नत्र अमोनियाच्या रूपात मातीत सुटतो. भाताला नेमका हाच आवडतो. शिवाय वरच्या थरातलं तणाचं बी जळतं, चिकट माती भुसभुशीत होते, म्हणून रोप उपटताना मुळं तुटत नाहीत. राखेतून पालाश मिळतं ते वेगळं.

याचं बरंचसं उत्तर पुण्याच्या कॉलेजात शंभर वर्षांपूर्वी तयार होतं. माझ्या घरापासून ते कॉलेज दीड तासावर नाही. पण माझ्या आजोबांना, वडिलांना आणि मला ते कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

उत्तर वाचून थांबलो असतो तर ही नोंद लिहिली नसती. मी त्या पोराला बोलावलं. त्याच्या आईवडिलांची परवानगी घेतली, वडील थोडे आढेवेढे घेत होते पण आले. म्हटलं, तू विचारलंस ना, चल बघू.

पहिल्या वर्षी आम्ही घोटाळा केला, तोही सांगतो. राब केला नेहमीच्या जागेवर आणि बिनराबाचा वाफा टाकला बांधाकडेच्या आंब्याखाली. बिनराबाचं रोप पिवळं आलं, मी खूश. पोरगा म्हणाला, "काका, तिकडं सावली आहे. तुम्ही मुद्दाम चांगल्या जागेवर राब केलात का?" मुद्दाम नव्हता केला, पण झाला होता तसाच. वर्ष वाया गेलं. चांगल्या जागेवर आपल्या आवडीचं आणि वाईट जागेवर नावडतीचं, असा प्रयोग आपण सगळेच करतो, आणि वर म्हणतो स्वतः अनुभव घेतलाय.

दुसऱ्या वर्षी एकसारख्या उन्हातली जागा घेतली, पाच वाफे आखले आणि कुठल्या वाफ्यात काय करायचं त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या. पोरानं चिठ्ठ्या उचलल्या. एकात नेहमीसारखा राब. दुसऱ्यात चुलीची राख नुसती पसरली, भाजलं नाही. तिसऱ्यात वाफ्यावर पत्रा टाकून पत्र्यावर जाळ केला आणि राख उचलून बाजूला टाकली, म्हणजे मातीला आच मिळाली पण राख नाही. चौथ्यात पाणी मारून वर पारदर्शक प्लास्टिक अंथरलं, कडा मातीत दाबल्या आणि ऐन उन्हाळ्यात सहा आठवडे तसंच ठेवलं. पाचव्यात काहीच नाही. बी एकच, इंद्रायणी, वजन करून सगळीकडं सारखं.

प्लास्टिकची कल्पना माझी नाही. इस्राएलमध्ये काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ती मांडली, आपल्याकडंही शिफारशीत असते. पण इथंही पोरानं विचारलं, काळं प्लास्टिक जास्त तापतं, मग पारदर्शक का? चांगला प्रश्न आहे. काळं प्लास्टिक स्वतः तापतं आणि ती उष्णता बरीचशी वर हवेत जाते. पारदर्शकातून ऊन थेट मातीपर्यंत पोचतं, माती तापते आणि ऊब आतच कोंडली जाते, बंद गाडी उन्हात तापते तशी. आणि पाणी का मारायचं? कोरडं बी झोपलेलं असतं, उष्णता सोसतं. भिजलेलं बी जागं होतं आणि तेवढ्याच उष्णतेत मरतं. ही दोन 'का' ज्याला कळली नाहीत तो कोरड्या मातीवर काळा कागद अंथरतो आणि मग म्हणतो, हे सगळं पुस्तकी आहे, काही होत नाही.

जे दिसलं ते असं. राखेच्या वाफ्यात रोप जरा बरं होतं, पण तण बिनराबाच्या वाफ्याइतकंच माजलं. पत्र्याच्या वाफ्यात तण बरंच कमी आणि रोप राबाच्या जवळपास. प्लास्टिकच्या वाफ्यात तण राबाइतकंच कमी, पण लव्हाळा दोन्हीकडं आला, कारण त्याच्या गाठी खोल असतात, आच किंवा ऊन तिथवर जात नाही. रोपात राब पहिला, प्लास्टिक थोडंसं मागं, बिनराबाचा वाफा शेवटी. तिसऱ्या वर्षी मी प्लास्टिकच्या वाफ्यात बी टाकण्याआधी भाताच्या तुसाची काळी राख मिसळली. रोप उपटायला आलेल्या बायकांना कुठला वाफा कुठला ते सांगितलं नव्हतं. त्यांना राबाचा कुठला ते ओळखता आलं नाही.

हे माझ्या वावरातलं आहे. तुमच्या मातीत वेगळं येईल, आणि पाच वाफ्यांवर मी विद्यापीठासारखी शिफारस करणार नाही. पण मला एक गोष्ट लख्ख दिसली. राब हे एक काम नसून तीन कामं आहेत: तण मारणं, अन्न सोडवणं आणि माती मोकळी करणं. वर राखेतलं पालाश.

इथून माझं भांडण सुरू होतं.

पहिलं, सरकारी सल्ल्याशी. मी कितीतरी मेळाव्यांत ऐकलंय, राब भाजू नका, शेण जाळू नका, सेंद्रिय पदार्थ वाया जातो. खरं आहे, शेण जाळणं तोट्याचंच. पण पुढं काय? 'त्याऐवजी गादीवाफा करा.' गादीवाफ्यानं निचरा होतो, माती मोकळी राहते, पण तणाचं काय? 'तुसाची राख टाका.' राखेनं सिलिका आणि पालाश मिळतं, तणाचं काय? राबाच्या तीन कामांपैकी एकाला पर्याय दिला आणि बाकीची दोन शेतकऱ्याच्या गळ्यात ठेवली, तर शेतकरी पुन्हा काडी लावणारच. मग त्याला हट्टी म्हणायचं. तो हट्टी नसतो, त्याला बिनराबाच्या वाफ्यात खुरपायला लागणाऱ्या दोन जास्तीच्या बायकांची मजुरी दिसत असते. बंद करा म्हणणाऱ्यानं आधी विचारायला हवं की हा माणूस हे का करतो. ओझन आणि मान साहेबांना एवढं कळलं होतं.

सल्ला देणारे सगळे असे नसतात, हेही लिहितो. डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री घ्या. काळी राख, गिरिपुष्पाचा पाला, १५ आणि २५ सेंटीमीटरच्या जोडओळीत नियंत्रित लावणी, आणि चार चुडांच्या मधे युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी. हे का, याचं उत्तर त्या पद्धतीतच आहे. युरिया उभ्या पाण्यात फेकला की काय होतं? पाण्यात शेवाळ असतं, ते दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, पाणी अल्कधर्मी होतं आणि नत्र अमोनिया होऊन उडून जातो. वास येतो तो आपल्याच पैशाचा. गोळी सात ते दहा सेंटीमीटर चिखलात खोचली की ती जिथं हवा नाही तिथं बसते, हळूहळू विरघळते, मुळाला मिळते. एका एकराला साधारण पंचवीस हजार गोळ्या, म्हणजे साडेसदुसष्ट किलो. ज्याला हे कारण कळलं तो गोळी खोल खोचतो. ज्याला नुसतं 'गोळी वापरा' सांगितलं, तो मजुरांची घाई झाली की गोळ्या वरच्या वर टाकून मोकळा होतो आणि म्हणतो चारसूत्रीत दम नाही. कारण न सांगता दिलेली शिफारस अशी अर्ध्यावर मोडते.

दुसरं भांडण दुकानाशी. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून टॉनिकची बाटली आणली, सगळ्या भातावर मारली. भात छान आलं. त्या वर्षी पाऊसही वेळेवर होता. मग भात कशानं आलं? मला माहीत नाही, कारण मी एकही पट्टा सोडला नव्हता. पुढच्या वर्षी बाटली घेताना म्हणालो, या वेळी एक पट्टा न मारता सोडतो, फरक कळेल. दुकानातला माणूस म्हणाला, "कशाला सोडता, तेवढ्याचं नुकसान होईल ना!" मी विचारलं, यात आहे काय? म्हणाला, फॉर्म्युला आहे, तुम्हाला कळणार नाही.

माझा नियम तेव्हापासून ठरला. जो पट्टा सोडू देत नाही, त्याचा माल घ्यायचा नाही. हा नियम बाटलीलाही लागू आणि जीवामृताच्या पिंपालाही. मी जीवामृत वापरतो, शेजारचा रासायनिक वापरतो, आमचं पटतं. पण एखादा सेंद्रियवाला व्यासपीठावरून सांगायला लागला की शंका घेऊ नका, श्रद्धा ठेवा, तर तो आणि तो दुकानवाला माझ्या लेखी एकाच माळेचे मणी. वावरातल्या दाव्यावर श्रद्धा ठेवायची गरज नाही. दोन ओळी सोडा आणि बघा.

तिसरं भांडण आपल्याशी, आणि ते सगळ्यात अवघड. पोरं विचारतात तेव्हा आपण काय करतो? 'गप रे, कामं कर.' आता त्यांचे प्रश्न बघा किती कामाचे असतात.

युरिया बादलीत टाकल्यावर पाणी थंडगार का पडतं? युरिया विरघळताना उष्णता ओढून घेतो म्हणून. मग त्या गार पाण्यात दुसरं काही टाकलं तर ते नीट विरघळत नाही, नोझल तुंबतं. थोडं थांबायचं, पाणी पुन्हा कोमट होऊ द्यायचं. बाटलीवर हे लिहिलेलं नसतं. बादलीला हात लावणाऱ्या पोराला कळतं.

भात पाण्यात उभा राहतो, मग तूर दोन दिवस पाणी साचलं तर का मरते? मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. भाताच्या पानापासून मुळापर्यंत आतून पोकळ नळ्या असतात, त्यातून हवा खाली जाते. तुरीला ती सोय नाही. भाताचं मूळ उपटून बघा, चांगलं मूळ तांबूस असतं. मुळातून थोडी हवा बाहेर झिरपते आणि मातीतलं लोह त्यावर गंजून बसतं, तो तो रंग. मूळ काळं आणि सडक्या अंड्याचा वास येत असेल तर हवा कमी पडतेय, खाचराचं पाणी काढा, दोनचार दिवस जमिनीला भेगा पडेपर्यंत सुकू द्या. एका पोराच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे पाण्याचं वेळापत्रक झालं की नाही?

विजांचा पाऊस पिकाला का लागतो? दर मे महिन्यात मोबाइलवर फिरतं, विजेनं फुकट युरिया पडतो. वीज हवेतला नत्र जोडते आणि तो पावसाबरोबर येतो हे खरं. पण एका पावसात येणारा नत्र थोडा असतो. जमीन हिरवी होते त्याचं मोठं कारण खाली मातीतच आहे. उन्हाळाभर वाळलेल्या मातीला पहिलं पाणी मिळालं की मेलेल्या सूक्ष्म जीवांवर वाचलेले तुटून पडतात आणि नत्राचा एकदम लोंढा सुटतो. ओळखीचं वाटतंय ना? राबाचंच काम, उन्हानं सावकाश केलेलं. आणि यातून निघतं ते असं, की त्या पहिल्या लोंढ्याच्या वेळी रान उघडं आणि उताराचं असेल तर नत्र वाहून जातो किंवा खाली झिरपतो. 'फुकट युरिया' म्हणून टाळ्या वाजवणाऱ्याला हे कळणार नाही.

कुणी म्हणेल, शेतकऱ्याला एवढा वेळ कुठं आहे? शिक्षण कुठं आहे? त्याला दादाजी खोब्रागडेंचं नाव सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे, शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ मध्ये पटेल-३ भाताच्या रानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. आपल्या रानात अशा लोंब्या आपणही पाहिल्या असतील आणि म्हटलं असेल, असतं एखादं. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, दर हंगामात निवडत गेले. त्यातून एचएमटी भात आलं, त्या काळातल्या मनगटी घड्याळाच्या नावानं. आज तो तांदूळ देशभर खाल्ला जातो. २०१८ मध्ये ते गेले, आयुष्यभर पैशाची ओढाताणच राहिली. त्यांच्याकडं वेळ जास्त होता असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळेंनी विचारलं, भाताला दरवर्षी चिखलणी आणि लावणी करायलाच हवी का? त्यातून कायमच्या गादीवाफ्यावर बी टोकून भात घ्यायची पद्धत उभी राहिली. तिथं रोपवाटिकाच नाही, म्हणजे राबही नाही. तणाचा बंदोबस्त हा तिथला अवघड भाग आहे, ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे. कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकरांनी विचारलं, नांगरायलाच हवं का? यांची सगळी उत्तरं तुम्हाला पटावीत असं नाही. मलाही सगळी लागू पडलेली नाहीत. पण वर्षानुवर्षं 'असंच असतं' म्हणून चाललेल्या कामाला त्यांनी 'का' विचारलं, आणि नुसतं बोलत न बसता वावरात उत्तर शोधलं.

दुसरी हरकत कृषी पदवीधर मित्र घेतात, आणि ती रास्त आहे. म्हणतात, चार वाफ्यांचा प्रयोग म्हणजे शास्त्र नव्हे, चुकीचे निष्कर्ष निघतात. मान्य. माझ्या आंब्याखालच्या वाफ्यानं तेच सिद्ध केलं. पण उपाय काय? शेतकऱ्यानं प्रयोगच करू नये, की तुम्ही येऊन चिठ्ठ्या टाकायला शिकवावं? आज गावात येतात ती प्रात्यक्षिकं म्हणजे एक हिरवं रान, पुढं फलक आणि फोटो. शेजारी तुलनेचा वाफा दिसत नाही. तुलनेचा वाफा नसलेलं प्रात्यक्षिक आणि जाहिरात यात मला फरक सांगा. पदवीधरांना हात जोडून मागणं आहे, पुढच्या वेळी गावात याल तेव्हा एक वाफा काहीही न करता सोडा आणि तोही आम्हाला दाखवा, वाईट दिसला तरी.

आता माझ्या राबाचं काय ठरवलं ते सांगून थांबतो, नाहीतर म्हणाल भांडला आणि पळाला. धुराबद्दल सोसायटीवाले बरोबर होते. भिंतीशेजारी दिवसभर धुमसणारी आग ही कुणाच्याही छातीला वाईट, माझ्या घरातल्यांच्यासुद्धा. हे त्या दुपारी मला कबूल करता आलं नाही. मीही काही अगदीच चुकीचा नव्हतो, राब ही अंधश्रद्धा नाही. एकरभर लावणीला चारेक गुंठे रोपवाटिका लागते. त्यातल्या तीन गुंठ्यांवर आता प्लास्टिक आणि काळी राख. एका गुंठ्यावर राब अजून करतो, भिंतीपासून लांबच्या कोपऱ्यात, शेण न घालता, तुलनेसाठी. दोनतीन वर्षं हिशेब असाच राहिला तर तोही थांबवीन. तोटाही लिहितो: उन्हाळ्यात वाफा भिजवायला पाणी लागतं, ज्याच्याकडं बोअर नाही त्याला हे जमणार नाही, आणि प्लास्टिक जपून गुंडाळून ठेवलं नाही तर फाटून रानभर होतं. शेण वाचलं ते खतात गेलं.

यंदाच्या पावसाळ्यासाठी एवढंच मागतो. जे काही नवं घालाल, बाटली, गोळी, पाला, काहीही, त्याचे दोन ओळी किंवा एक वाफा मोकळा सोडा. जागा चिठ्ठीनं ठरवा, मनानं नको. तारीख आणि काय दिसलं ते घरातल्या कॅलेंडरवर लिहा. आणि घरातलं पोर 'का' म्हणालं तर निदान म्हणा, "मला ठाऊक नाही, चल बघू."

तो पोरगा आता नववीत गेलाय. परवा बांधावर आला आणि विचारत होता, लव्हाळ्याच्या गाठी आच लागूनही मरत नाहीत, तर त्या किती खोल असतात? मला ठाऊक नव्हतं. कुदळ आणली आणि दोघं खणायला बसलो. सगळ्यात खालची गाठ वीतभर खोल सापडली. अजून खाली असतील, म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा खणणार आहोत.

राम राम.